विस्ताराला खुलं, बदलाला बंद

रायपूरचं काम आपल्याला मिळावं, असं दुर्गेश बोकडेला वाटत होतं. ते रितिका मेश्रामला मिळू नये, असं त्याहून जास्त वाटत होतं. या दोन वेगळ्या इच्छा आहेत, हे त्याच्या लक्षात यायला ही गोष्ट संपावी लागली. आणि तेव्हाही ते नीट आलं, असं म्हणता येत नाही.

कंपनीचं ऑफिस प्रताप नगरात, एका साड्यांच्या दुकानाच्या वरच्या माळ्यावर होतं. धंतोलीतल्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायचं, हा धंदा. मालक रुपराव ठवकर हे पूर्वी औषध कंपनीचे एमआर. त्यांची सगळी जवानी डॉक्टरांच्या केबिनबाहेरच्या बाकावर गेली आणि तिथेच त्यांना सुचलं, की आत कोण कधी जाणार हे कंपाउंडरनं नाही, कम्प्युटरनं ठरवलं पाहिजे.

धंतोलीत ओपीडीचा नंबर लागतो म्हणजे काय होतं, हे बाहेरच्या माणसाला सांगूनही पटत नाही. सकाळी येऊन नाव लिहिलेला एक असतो. काल फोनवर नाव लिहिलेला एक असतो. "फक्त रिपोर्ट दाखवायचाय" म्हणत आत घुसणारा आणि अर्धा तास बाहेर न येणारा एक असतो. अहेरीहून नाहीतर पुसदहून आलेला असतो, ज्याची परतीची बस डॉक्टरांसाठी थांबणार नसते. आणि ओळखीचा असतो. ओळखीचा म्हणजे डॉक्टरांच्या ओळखीचा, किंवा कंपाउंडरच्या, किंवा कंपाउंडरच्या साळ्याच्या.

या सगळ्यांना एका रांगेत लावणारा प्रोग्राम दुर्गेशनं लिहिला होता. कंपनीत त्याला नंबर इंजिन म्हणत.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या जगात पॅटर्न नावाची चीज असते. पुन्हा पुन्हा येणाऱ्या अडचणींवर जाणत्या माणसांनी काढलेल्या या मांडण्या, आणि प्रत्येकीला नाव. वस्तू बनवून देते ती फॅक्टरी. आपल्यासारखा एकच नग असावा असा हट्ट धरतो तो सिंगलटन. एकाचं काही बदललं की बाकीच्यांना कळवत सुटतो तो ऑब्झर्व्हर. दुर्गेशला हे सगळे तोंडपाठ होते आणि पाठ आहेत म्हटल्यावर वापरायलाच हवेत, असा त्याचा सरळ हिशेब होता. नंबर इंजिन उघडलं की पेशंट दिसायच्या आधी पेशंट बनवणारी फॅक्टरी दिसायची, आणि तिच्या आधी ती फॅक्टरी बनवणारी फॅक्टरी.

"हिंगण्याच्या एमआयडीसीत एवढ्या फॅक्टऱ्या नाहीत, दुर्गेशभाऊ," देवकी निखाडे म्हणायची. देवकीचं काम टेस्टिंगचं, म्हणजे दुसऱ्यानं केलेलं चालतं की नाही ते पाहणं. दवाखान्यांचे फोनही तीच घ्यायची आणि नंबर इंजिनचा फोन नाही असा दिवस जात नसे. रांग अडली, नाव दोनदा आलं, ओळखीचा खाली गेला. देवकी रिसीव्हरवर हात ठेवून म्हणायची, "घ्या, तुमची सासुरवाडी." दुर्गेश सावकाश उठायचा. ज्याच्यावाचून अडतं तो मोठा, असं त्यानं मनाशी धरून ठेवलं होतं आणि फोन आला की ते पुन्हा एकदा सिद्ध व्हायचं.

मग रितिका आली. हिंगण्यातल्या एका कारखान्यात कम्प्युटरची नोकरी होती. रोज कंपनीच्या बसमध्ये झोपून जायचा कंटाळा आला, म्हणाली. तिला लॅबच्या रिपोर्टांचं काम दिलं. बोलायला मोकळी, हसायला मोठी, आणि दुसऱ्याच्या डब्यातलं लोणचं न विचारता घ्यायची. तिचं काम दवाखान्यांत बसलं आणि लॅबचे फोन बंद झाले. एवढे बंद झाले, की रुपराव सरांनी स्वतः दोन लॅबना फोन लावून विचारलं, "तुम्ही आमचं सॉफ्टवेअर वापरून राहिले ना, का सोडलं?"

वापरून राहिले होते.

कंपनीत पद्धत अशी होती, की एकानं लिहिलेलं दुसऱ्यानं वाचून पास करायचं. रितिकाचं वाचायची पाळी दुर्गेशवर आली. त्यानं खुर्ची पुढे ओढली. प्रत्येक लॅबचं मशीन रिपोर्ट वेगळ्या तऱ्हेनं देतं. रितिकानं प्रत्येक मशीनसाठी एक छोटा तुकडा केला होता, सगळ्या तुकड्यांची वरची बाजू सारखी ठेवली होती आणि बाकीच्या प्रोग्रामला कोणता तुकडा बसवलाय याची दाद लागू दिली नव्हती. नवीन मशीन आलं तर नवीन तुकडा, बस. दुर्गेशनं ते दोनदा वाचलं. मग तिच्या टेबलाशी गेला.

"ही स्ट्रॅटेजी आहे," तो म्हणाला.

"कोणती?"

"हे जे केलं तू. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, वरून सारखं. ह्याले स्ट्रॅटेजी पॅटर्न म्हणतात."

"हो ना. माहीत आहे."

या उत्तराची दुर्गेशची तयारी नव्हती. "मग नावात काहून नाही टाकलं?"

"टाकलं तर जोरात पळते का?"

पलीकडे देवकीनं हसू खोकल्यात लपवायचा प्रयत्न केला आणि तो फसला.

"तसं नाही. पुढच्या माणसाले समजलं पाहिजे."

"पुढच्या माणसाले मशीन समजून घ्यायची आहे, दुर्गेशभाऊ. मले काय काय येते ते नाही."

हे ती चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती लोणचं खाता खाता म्हणाली, आणि लोणचं दुर्गेशचं होतं.

तिला पॅटर्न येत नसते, तर दुर्गेशला ती आवडलीही असती. त्यानं तिला शिकवलं असतं, आठवड्यातून एकदा, फळ्यावर चौकोन काढून. पण तिला येत होते आणि ती ते अंगावर घालून फिरत नव्हती. ही गोष्ट त्याला सहन होईना. शेजारच्याकडे सोनं आहे हे कळावं आणि त्यानं ते लॉकरमध्ये ठेवलेलं असावं, तसं झालं होतं.

त्या दिवसापासून तो तिचं लिहिलेलं सगळं वाचू लागला. पाळी नसली तरी वाचायचा. जेवणाच्या सुट्टीत, बाकीचे चहाला खाली गेले की शेजारच्या पोराची मार्कशीट पाहावी तसा उघडून पाहायचा. चूक शोधायची होती. एकदा एका टिपेत स्पेलिंग चुकलेलं सापडलं, ते त्यानं सगळ्यांना दिसेल असं नोंदवलं. रितिकानं "थँक्यू भाऊ" लिहून पुढे अंगठ्याची इमोजी टाकली. तेवढंच. वाईट हे होतं, की वाचताना त्याला मजा यायची. एक तुकडा एकच काम करतोय, एकाला हात लावला तर दुसरा रडत नाहीये, हे पाहून त्याचं डोकं आपोआप डोलायचं. मग ते डोललं म्हणून राग यायचा.

"काहून जेवून नाही राहिले?" घरी मायानं विचारलं. माया त्याची बायको, एका खासगी शाळेत मराठी शिकवायची.

"जेवून राहिलो ना."

"पोळी तर तशीच आहे. ते मेश्राम काही बोलली का?"

"ती कशाले बोलते. तिचं काम पाह्यलं आज."

"खराब होतं?"

"नाही."

"मग बरं झालं ना."

"काय बरं झालं?"

मायानं वरण वाढायचं थांबवून त्याच्याकडे पाहिलं. तिला कळायला वेळ लागला नाही. "आमच्या शाळेत ती नवी इंग्लिशवाली आली ना," ती म्हणाली, "ती वर्गात पाय ठेवते आणि पोट्टे गप. ओरडत नाही, छडी नाही, काही नाही. नुसती उभी राहते. मले त्या बाईचा गळा दाबावा वाटते."

दुर्गेशला त्या क्षणी बायकोबद्दल फार माया वाटली. त्यानं आणखी एक पोळी मागितली.

आता रायपूर. तिथल्या काही दवाखान्यांनी मिळून रुपराव सरांना विचारलं होतं: आमच्यासाठी पहिल्यापासून नवीन सॉफ्टवेअर बांधून द्या. रांग, रिपोर्ट, औषधं, सगळं. ज्याच्या हाती ते बांधायचं काम जाईल त्याला कंपनी 'आर्किटेक्ट' म्हणणार होती आणि तसं कार्ड छापणार होती. कंपनीत या नावाचं कोणी आजवर झालं नव्हतं. दुर्गेश कंपनीचा पहिला माणूस. रुपराव सर आणि तो, असे दोघंच होते तेव्हा टेबलंही त्यानंच उचलून आणली होती. त्यामुळे निवड करायची गरज आहे, असंच त्याला वाटत नव्हतं. सासऱ्यांना त्यानं सांगूनही टाकलं होतं. सासऱ्यांनी विचारलं होतं, "म्हणजे बिल्डिंगा बांधाव्या लागते का?"

रुपराव सरांना मात्र गरज वाटत होती. एका शुक्रवारी त्यांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

"हाडाच्या डॉक्टरसाहेबाले नवीन नियम पाहिजे," ते म्हणाले. हाडाचे डॉक्टर म्हणजे डॉ. पालांदूरकर, कंपनीचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. "लांबून येणाऱ्या पेशंटची बस पाहून त्यांचा नंबर वर घ्यायचा. ओळखीच्याले वाईट नाही वाटलं पाहिजे. कसं करता ते तुम्ही पाहा."

"करतो ना सर," दुर्गेश म्हणाला.

"तू नाही गा. रितिका करन. सोमवारी तिले तुह्या इंजिनात बसव. रायपूरले जो जाईल त्याले नंबरचंही समजलं पाहिजे."

रितिका म्हणाली, "चालेल सर." जणू तिला खालून दोन चहा आणायला सांगितले होते.

दुर्गेश घरी गेला तो थेट सोमवारकडे बघतच. ती येईल. उघडेल. दोन-चार ठिकाणी फॅक्टऱ्या पाहून मान हलवेल, हसणार नाही, हसली असती तर बरं. मग तिचा एक तुकडा मधे ठेवेल, तो चालेल, फोन बंद होतील, आणि रुपराव सर दवाखान्यात फोन लावून विचारतील, तुम्ही आमचं सॉफ्टवेअर वापरून राहिले ना?

सॉफ्टवेअरमध्ये एक जुनं तत्त्व आहे: लिहिलेली गोष्ट विस्ताराला खुली आणि बदलाला बंद असावी. म्हणजे नवा नियम आला तर बाजूला नवा तुकडा जोडता यावा, जुना फोडून आत हात घालावा लागू नये. चांगलं तत्त्व आहे. दुर्गेशनं शनिवार-रविवार बसून त्याचा दुसरा अर्धा भाग मनापासून अमलात आणला.

माया गच्चीवर कुरड्या घालत होती आणि दुर्गेश कूलरसमोर लॅपटॉप घेऊन बसला होता. 'ओळख' ही पूर्वी एक साधी खूण होती: आहे किंवा नाही. तिचं त्यानं खानदान केलं. डॉक्टरांची ओळख, स्टाफची ओळख, ओळखीच्याची ओळख, प्रत्येकाची फॅक्टरी. पेशंट आणि रांग यांनी एकमेकांशी थेट बोलायचं बंद करून मधे एक मध्यस्थ बसवला. मध्यस्थावर दुसरा मध्यस्थ बसवला. शेवटी प्रत्येक पेशंटला बाकीच्या प्रत्येक पेशंटचा ऑब्झर्व्हर केलं: कोणी हललं की सगळ्यांना कळणार. एकही गोष्ट चुकीची नव्हती. प्रत्येकीला नाव होतं आणि ते नाव त्यानं मोठ्या अक्षरात घातलं होतं. हे सगळं रितिकाला अडवायला आहे, असं त्याला कोणी म्हटलं असतं तर तो दुखावला असता. इंजिनची जरा सफाई केली, एवढंच.

सोमवारी रितिका बसली. दुर्गेश आपल्या स्क्रीनकडे तोंड करून तिच्याकडे पाहत राहिला. ती वरून खाली गेली, खालून वर आली. एकदा कागद घेऊन बाण काढू लागली, मग कागद उलटा करून पाहिला. जेवणाच्या सुट्टीत तिनं कोणाच्याही डब्यात हात घातला नाही. दुपारी रुपराव सर बाहेर आले तेव्हा ती उठली.

"सर, हे माह्या बापाच्यानं होत नाही," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "ह्याले दुर्गेशभाऊच पायजेत."

रुपराव सरांनी दुर्गेशकडे पाहिलं. देवकीनं पाहिलं. कॉम्प्रेसर दुरुस्त करायला आलेला एसीवालाही पाहू लागला.

"मी करतो सर," दुर्गेश म्हणाला. आवाज शक्य तितका थकलेला ठेवला होता.

संध्याकाळी त्यानं सगळ्यांना तर्री पोहे खाऊ घातले. देवकी पोह्यावर लिंबू पिळत म्हणाली, "कोणाचं लगन ठरलं बाप्पा?" रितिकानं दोन प्लेटा खाल्ल्या. तिच्या चेहऱ्यावर हरल्याचं काही दिसतंय का, हे दुर्गेश पाहत होता. तर्रीमुळे नाक लाल झालं होतं, तेवढंच.

नवा नियम घालायला त्याला स्वतःलाही कष्ट पडले, कारण शुक्रवारपर्यंतचं इंजिन त्याला समजत होतं आणि सोमवारचं अजून पूर्ण समजायचं होतं. पण तो घातला आणि डॉ. पालांदूरकरांच्या दवाखान्यात जाऊन स्वतः चालू करून दिला. बाक गच्च भरलेले. भिंतीवर टीव्ही, त्यावर नावं. स्पीकरमधून बाईचा आवाज.

"पार्वतीबाई, केबिनमध्ये यावे."

सिरोंचाकडून आलेली एक म्हातारी काठीवर जोर देऊन उठली. तेवढ्यात टीव्हीवर नावं हलली.

"पार्वतीबाई, कृपया प्रतीक्षा करावी."

म्हातारी बसली. झालं होतं ते असं: पार्वतीबाईची बस पाहून तिचा नंबर वर गेला. तो हलला म्हणून बाकीच्या सगळ्यांना कळवलं गेलं. प्रत्येकानं आपला नंबर पुन्हा तपासला, त्यामुळे ते हलले. ते हलले म्हणून पार्वतीबाईला कळवलं गेलं.

"पार्वतीबाई, केबिनमध्ये यावे."

म्हातारी उठली.

"पार्वतीबाई, कृपया प्रतीक्षा करावी."

"आजी, बसा ना," रिसेप्शनची मुलगी म्हणाली.

"आत्ता तर उठ म्हणे ना वं ती बाई! गुडघ्यासाठी आली मी, आणि ती मले उठबशा काढायले लावून राहिली!"

बाकावर हशा पिकला. एक ओळखीचा, ज्याचं नाव टीव्हीवर वरून खाली आणि खालून वर चाललं होतं, कोणाला तरी फोन लावू लागला. दुर्गेशच्या पाठीवरून घाम उतरत होता. रिसेप्शनच्या कोपऱ्यात उकिडवं बसून त्यानं एक ऑब्झर्व्हर तोडला, मग दुसरा, एका मध्यस्थाला गप्प केलं. टीव्ही स्थिर झाला. पार्वतीबाई एकदाची आत गेली, जाताना उंबऱ्यावर थांबून म्हणाली, "आता पुन्हा नाही ना बोलावत बाहेर?"

हा सगळा गोंधळ केबिनच्या दारातून डॉ. पालांदूरकर पाहत होते. नंतर त्यांनी दुर्गेशला आत बोलावून पाणी दिलं. "बोकडे, बाकी काही असो, तुमच्याशिवाय हे कोणाला निस्तरता आलं नसतं."

हे तंतोतंत खरं होतं.

"सर," दुर्गेश म्हणाला, आणि हे त्यानं स्वतःहून, कोणी न सांगता म्हटलं, "एवढं जरा रुपराव सरांच्या कानावर घालाल का?"

डॉक्टरांनी तिथल्या तिथे फोन लावला. एका बाजूचं बोलणं दुर्गेशला ऐकू येत होतं. "हो, हो. फार हुशार माणूस आहे. याच्या हाताखालचा माणूस नका पाठवू, हाच पाहिजे." दुर्गेश खुर्चीत ताठ बसला. परतताना धंतोलीच्या गर्दीत कोणीतरी त्याच्या मोटरसायकलला घासून गेलं, तरी त्यानं मागे वळून पाहिलं नाही.

शनिवारी रुपराव सरांनी त्याला केबिनमध्ये एकट्याला बोलावलं.

"बस. रायपूरले रितिका जाऊन राहिली."

दुर्गेशला वाटलं, सर पुढे काहीतरी बोलतील ज्यानं या वाक्याचा अर्थ बदलेल. सर चष्मा पुसत होते.

"काहून सर?"

"तुले पाठवलं तर इथं कोण पाहीन?"

"कोणीबी पाहीन सर."

"कोण? नाव सांग. मी विचारलं सगळ्यायले. बोकड्याचं इंजिन कोण घेते? सगळे खाली मुंडी घालून बसले. रितिकाचं लॅबचं देवकीनं घेतलं. कवा घेतलं मलेबी माहीत नाही. फोनच नाही आला ना एक." त्यांनी चष्मा चढवला. "आणि तूच पाह गा, सोमवारी तिनं काय सांगतलं सगळ्यासमोर? ह्याले दुर्गेशभाऊच पायजेत. मग डॉक्टरसाहेबाचा फोन. म्हणाले बोकडेच पाहिजे, दुसरा पाठवू नका. मी शब्द दिला त्यायले."

त्या फोनबद्दल काही सांगता येण्यासारखं नव्हतं.

रुपराव सर वाईट माणूस नव्हते. त्यांचा आवाज मऊ झाला. "एक कर. रायपूर मोठं आहे, एका माणसाचं काम नाही. तू हे इंजिन सोपं कर. देवकीले समजलं पाहिजे एवढं. तिनं हो म्हटलं की तूबी जाजो. दोघंबी आर्किटेक्ट. दोघायचे कार्ड छापू. मले काय, दोन छापले का एक छापलं."

बाहेर आल्यावर रितिकानं त्याच्यासमोर पेढ्याचा डबा धरला. "लवकर या भाऊ. तिथं एकटीले बोअर होईन. आणि तुम्हाले ते सगळे पॅटर्न तोंडपाठ आहेत, मले पुस्तक उघडावं लागते." ती खरंच तसं समजत होती. दुर्गेशनं पेढा घेतला आणि त्यात टोमणा कुठे आहे ते संध्याकाळपर्यंत शोधत राहिला.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी देवकी आपली खुर्ची घेऊन त्याच्या टेबलाशी आली. "चला, दाखवा. मले रायपूरले पाठवायचं आहे तुम्हाले."

"हे काय आहे?" तिनं बोट ठेवलं.

"फॅक्टरीची फॅक्टरी."

"काढली तर काय होते?"

"काही नाही होत."

"मग काढा ना."

त्यानं काढली. देवकीनं आपल्या सगळ्या तपासण्या चालवल्या, सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. "हे?" "मध्यस्थ." "हा?" "त्याच्यावरचा मध्यस्थ." "अवो, लग्न जमवून राहिले का इथं? काढा." काढले. हिरव्या. ओळखीचं खानदान गेलं, पुन्हा एक खूण राहिली. प्रत्येक ऑब्झर्व्हर गेला. दुर्गेशचा हात आता भराभर चालत होता. देवकी विचारायच्या आधीच तो काढत होता. अडगळीची खोली रिकामी होताना जमीन दिसू लागते, तसं काहीतरी होत होतं आणि खोटं कशाला सांगा, त्याला बरं वाटत होतं. बऱ्याच दिवसांनी तो कोणाच्याही आठवणीशिवाय काम करत होता.

चार वाजायला आले तेव्हा सगळं एका स्क्रीनवर मावत होतं. देवकीनं खुर्ची पुढे घेतली आणि त्यानं न सांगता स्वतःच वाचत गेली. "हा लांबून आलेल्याचा नियम. हा रिपोर्टवाल्याचा. हा ओळखीच्याचा. प्रत्येकाचा वेगळा तुकडा. रांगेनं फक्त विचारायचं, कोण आधी. नवीन डॉक्टर आला तर नवीन तुकडा." ती त्याच्याकडे वळली. तिचा चेहरा उजळला होता. "मले समजलं, दुर्गेशभाऊ! सगळं समजलं! हे तर डिट्टो रितिकाच्यासारखं झालं."

दुर्गेशनं स्क्रीनकडे पाहिलं.

झालं होतं. छोटे तुकडे, वरची बाजू सारखी. कुठेही, कशालाही, पॅटर्नचं नाव नव्हतं. उद्या हे कोणीही उघडलं तर विचारणारच नाही कोणी लिहिलं म्हणून; आणि विचारलंच तर ऑफिसात सगळे म्हणतील, रितिकानं. रायपूरला दोन टेबलं शेजारी शेजारी, दोन कार्डं, आणि दोन्ही टेबलांवर तिचंच काम. बोकडे आधी असे लिहायचे नाहीत हां, आता शिकले.

"थांब," तो म्हणाला.

या धंद्यात एक सोय आहे. आधीचं काहीच मरत नाही; सगळ्या जुन्या प्रती जपून ठेवलेल्या असतात आणि एक ओळ टाइप केली की हवी ती परत येते. दुर्गेशनं ती ओळ टाइप केली. फॅक्टऱ्या आल्या, मध्यस्थ आले, त्यांच्यावरचे मध्यस्थ आले, ओळखीच्याची ओळख आली.

"अवो!" देवकी ओरडली. "काय केलं? चालून तर राहिलं होतं!"

"रिस्क आहे."

"कायची?"

"आहे. तुले नाही समजणार."

"मले तर आत्ताच समजलं होतं," देवकी म्हणाली.

तो उठून केबिनमध्ये गेला. इंजिन सोपं होण्यासारखं नाही, असं त्यानं रुपराव सरांना सांगितलं. पेशंटच एवढ्या तऱ्हेचे, त्याला कोण काय करणार. सरांनी मान डोलावली. एवढ्या वर्षांच्या माणसावर अविश्वास दाखवायचं त्यांना कारण नव्हतं. "मग राहू दे," ते म्हणाले. "रितिकाले सांगतो, दुसरं कोणी पाह म्हणून."

दुर्गेश बाहेर आला तेव्हा देवकी आपली खुर्ची पुन्हा आपल्या टेबलाकडे ओढत नेत होती. त्याचा चेहरा पाहून ती थांबली. तिला वाटलं, मघाशी रितिकाचं नाव उगाच काढलं, तेच याला लागलं असावं.

"मनावर नका घेऊ, दुर्गेशभाऊ," ती समजूत घालत म्हणाली. "रितिकाचं काय त्याच्यात. नीट बसून केलं तर ते तसंच होते. मी केलं असतं तरी तसंच झालं असतं."